बॅक प्रेशर वाढल्याचे कळवण्यापूर्वी : एचआरएसजी असलेल्या वीज प्रकल्पांसाठी माहितीपत्रक

“बॅक प्रेशर ३०० च्या वर गेले आहे, ट्यूब साफ करायला माणसे कधी पाठवता?” अशी विचारणा हिवाळा लागताच आमच्याकडे सुरू होते. एचआरएसजी म्हणजे गॅस टर्बाइनच्या गरम एक्झॉस्टवर वाफ तयार करणारा बॉयलर, आणि बॅक प्रेशर म्हणजे त्यातून जाताना एक्झॉस्टला होणाऱ्या अडथळ्यामुळे टर्बाइनच्या मागे वाढणारा दाब. तो मिलिमीटर जलस्तंभात, म्हणजे पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, मोजतात. त्यांपैकी अनेक ठिकाणी एचआरएसजीत मळ साचलेला नसतो. हवा थंड झालेली असते, इतकेच.

थंड हवा अधिक घन असल्यामुळे कॉम्प्रेसर तेवढ्याच वेगात जास्त वजनाची हवा ओढतो, आणि एचआरएसजीतील दाबघट प्रवाहाच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात वाढते. बेस लोडवर (यंत्र पूर्ण क्षमतेने चालत असताना), बाहेर १५ अंश तापमान असताना ३०० मिलिमीटर जलस्तंभ एवढे दिसणारे बॅक प्रेशर ४० अंशांना, आत काहीही बदललेले नसताना, २६० च्या आसपास येते. उरणसारख्या समुद्रकाठच्या ठिकाणी हा फरक कमी जाणवतो. उत्तर प्रदेशातील दादरी किंवा राजस्थानातील अंता येथे जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांची तुलना करणे मात्र व्यर्थ आहे. याच गोष्टीची उलट बाजू अधिक महागात पडते. मे महिन्यात २९० दिसले आणि ‘डिसेंबरपेक्षा कमीच आहे’ म्हणून विषय सोडून दिला, तर खरा अडथळा पावसाळाभर तसाच राहतो.

म्हणून आमची एकच आग्रहाची विनंती आहे : नुसता आकडा पाठवू नये. त्याच वेळचा लोड, आयजीव्हीचा (कॉम्प्रेसरमध्ये शिरणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या पात्यांचा) कोन, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असलेले तापमान, एक्झॉस्ट तापमान आणि डायव्हर्टर डॅम्परची (एक्झॉस्ट एचआरएसजीकडे किंवा थेट धुराड्याकडे वळवणाऱ्या झडपेची) स्थिती कळवावी, तसेच प्रकल्प सुरू होतानाच्या चाचणीतील नोंद जोडावी. हे नसेल तर आमच्या अभियंत्याचे पहिले दोन दिवस माहिती गोळा करण्यातच जातात आणि तोवर आपला शटडाऊन संपत येतो. कॉम्प्रेसर धुतल्यानंतर बॅक प्रेशर थोडे वाढले, तर ते धुणे चांगले झाल्याचे लक्षण समजावे, कारण स्वच्छ कॉम्प्रेसर जास्त हवा ओढतो.

डक्टमधून दाब मोजणाऱ्या ट्रान्समीटरकडे जाणारी बारीक नळी, म्हणजे इम्पल्स लाइनही तपासावी. तिला डक्टकडे सलग उतार नसेल, तर झोल पडलेल्या जागी पाणी साचते आणि त्या पाण्याच्या उंचीएवढी चूक थेट वाचनात येऊ शकते. लाइन फुंकून घेण्याचे काम आपलाच इन्स्ट्रुमेंट विभाग थोड्या वेळात करू शकतो. त्यासाठी आम्हाला बोलावण्याची गरज नाही.

खरी वाढ झाली असेल, तर नुकसान किती? प्रत्येक १०० मिलिमीटरमागे गॅस टर्बाइनचे उत्पादन साधारण ०.४ टक्क्याने घटते आणि हीट रेट (एक युनिट विजेसाठी लागणारी उष्णता) जवळपास तेवढाच बिघडतो. म्हणजे १०० मेगावॉटच्या यंत्रावर सुमारे ४०० किलोवॉट. एक्झॉस्ट किंचित अधिक तापत असल्याने त्यातला काही भाग वाफेच्या बाजूला परत मिळतो. त्यामुळे वीस-पंचवीस मिलिमीटरच्या वाढीसाठी सफाई करावी, असे आम्ही सुचवत नाही, आमचे काम त्यामुळे बुडत असले तरीही. मात्र यंत्र वारंवार ट्रिप होते म्हणून ट्रिपची मर्यादा वर सरकवणे हा उपाय नव्हे. ती मर्यादा टर्बाइन आणि डक्ट यांच्या रक्षणासाठी उत्पादकाने ठरवलेली असते.

पाहणीच्या पहिल्या भेटीचे शुल्क का, असे विचारले जाते. त्या भेटीत आम्ही जागा उपलब्ध असेल तेथे प्रत्येक ट्यूब बँकेच्या आधीचा आणि नंतरचा दाब वेगळा मोजतो. पुढच्या सुपरहीटरवर अडथळा असेल, तर बहुधा फाटलेल्या लायनरमधून (इन्सुलेशन झाकणाऱ्या आतल्या पत्र्यातून) सुटलेली इन्सुलेशनची लोकर ट्यूबवरील फिनमध्ये अडकलेली असते, आणि लायनर न दुरुस्त करता केलेली सफाई वाया जाते. मागच्या प्रीहीटरवर असेल, तर गंजाचे पापुद्रे असतात. गॅसच्या टंचाईमुळे वारंवार बंद-चालू होणाऱ्या प्रकल्पांत ते अधिक आढळतात. तेथे ड्राय आइस ब्लास्टिंग (घन कार्बन डायऑक्साइडच्या कणांचा मारा करून केलेली सफाई) उपयोगी पडते. सफाईचे काम आम्हाला दिल्यास पाहणीचे शुल्क अंतिम बिलातून वजा केले जाते.

शटडाऊनची तारीख निश्चित होताच कळवावी, कारण आतील मचाण आणि बंदिस्त जागेत शिरण्याचा परवाना यांची तयारी आधीच करावी लागते.