न पाठवायच्या बदलांचं ओझं

ऑफिसात सकाळी पासवर्ड टाकला की तो बरोबर आहे का, हे बहुतेक मोठ्या संस्थांमध्ये आपल्या टेबलावरचा कॉम्प्युटर ठरवत नाही. तो डिरेक्टरी सर्व्हरला विचारतो. माणसांची नावं, पासवर्ड, कोण कुठल्या गटात, कोणाला कशाची परवानगी, हे सगळं तिथे असतं. असा सर्व्हर एकच ठेवला आणि तो बंद पडला तर अख्खी संस्था ताटकळते. म्हणून त्याच्या प्रती ठिकठिकाणी चालवतात आणि एकीवर झालेला बदल बाकीच्यांकडे पोचवतात. हेच रेप्लिकेशन. ते रेंगाळलं की पासवर्ड बदलूनही दुसऱ्या इमारतीत जुनाच चालत राहतो. नोकरी सोडलेल्या माणसाचं खातं एका शहरात बंद आणि दुसऱ्यात चालू, ही तर सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचीच गोष्ट.

अशी तक्रार आली की पहिला सल्ला ठरलेला असतो: मेमरी वाढवा, नेटवर्क सुधारा. मला मात्र आधी एकच प्रश्न विचारावासा वाटतो. सर्व्हर कोणतं काम विनाकारण पुन्हा पुन्हा करतोय? '३८९ डिरेक्टरी सर्व्हर' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये याचं फार बोलकं उदाहरण सापडतं. मूळचा हा नेटस्केपचा सर्व्हर. रेड हॅटने तो २००४ मध्ये एओएलकडून घेतला, २००५ मध्ये त्याचा कोड खुला केला आणि २००९ पासून त्याला ३८९ हे नाव मिळालं. डिरेक्टरीशी बोलण्याच्या एलडॅप या प्रोटोकॉलचा पोर्ट क्रमांकही तोच.

या सर्व्हरवर होणाऱ्या प्रत्येक बदलाला सीएसएन नावाचा क्रमांक मिळतो. सोळा चिन्हांच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीतले २० अंक: पहिले ८ वेळेचे, पुढचे ४ त्याच सेकंदातल्या अनुक्रमाचे, पुढचे ४ बदल जिथे झाला त्या सर्व्हरच्या ओळखीचे आणि शेवटचे ४ उप-अनुक्रमाचे. हे बदल चेंजलॉगमध्ये नोंदले जातात. सरकारी कचेरीतल्या जावक वहीसारखाच हा प्रकार. शिवाय कोणत्या सर्व्हरचा कुठवरचा बदल आपल्याकडे पोचलाय याची छोटी यादी प्रत्येक सर्व्हर ठेवतो. तिला आरयूव्ही म्हणतात. पाठवणारा सर्व्हर आधी समोरच्याची आरयूव्ही बघतो, चेंजलॉगमध्ये त्या जागेवर जातो आणि तिथून पुढचं पाठवायला लागतो.

इथवर सगळं सुटसुटीत आहे. गोम आहे ती काही माहिती मुद्दाम न पाठवण्यात. ३८९ वर उभ्या असलेल्या, खाती आणि लॉगिन सांभाळणाऱ्या फ्रीआयपीए या प्रणालीत शेवटचं यशस्वी लॉगिन कधी झालं, चुकीचा पासवर्ड किती वेळा टाकला, असे तपशील रेप्लिकेशनमधून वगळलेले असतात. ते योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक लॉगिनमागे सगळ्या प्रतींना हलवावं लागेल. पण ते स्थानिक सर्व्हरवर लिहिले जातात, म्हणजे चेंजलॉगमध्ये येतात. पाठवणारा सर्व्हर नोंद वाचतो, त्यातलं वगळायचं काढून टाकतो, हाती काहीच उरत नाही, मग पुढे जातो.

समोरच्याला काहीच न मिळाल्यामुळे त्याची आरयूव्ही जागची हलत नाही. पुढच्या खेपेला पाठवणारा ती बघतो आणि पुन्हा त्याच जुन्या जागेवरून वाचायला लागतो. समजा सुट्टीच्या दिवसांत लॉगिन चालू आहेत, पण पाठवण्याजोगा बदल एकही नाही. दर खेपेला अशा १०० नोंदींची भर पडली, तर ५०० व्या खेपेला ५०,००० नोंदी वाचाव्या लागतात. सगळ्या खेपा मिळून वाचन होतं १,२५,२५,००० नोंदींचं, आणि पोचवलेला बदल शून्य. डिस्क आणि प्रोसेसर मात्र राबत असतात. त्यात भर म्हणजे घेणारा सर्व्हर एका वेळी एकाच पाठवणाऱ्याला आत घेतो. ही पोकळ खेप चालू असेपर्यंत दुसरा सर्व्हर खराखुरा बदल घेऊन आला, तरी त्याला 'व्यस्त' असं उत्तर मिळतं आणि तो परत फिरतो.

यावरचा उपाय मला मनापासून आवडतो. १०० बदल सलग वगळले गेले की पाठवणारा सर्व्हर स्वतःच एक छोटासा, पाठवण्याजोगा बदल करतो. 'रेप्ल कीप अलाइव्ह' नावाच्या एका खास नोंदीतली वेळ तो ताजी करतो. हा बदल समोर पोचतो, आरयूव्ही पुढे सरकते आणि मागच्या रिकाम्या नोंदी पुन्हा वाचायची गरज उरत नाही. काम वाढवून काम कमी केलं, असा हा प्रकार.

दुसरा अडथळा वाट पाहण्यातला. बदल पाठवा, पोच येईपर्यंत थांबा, मग पुढचा पाठवा, अशी पद्धत असेल आणि दोन खंडांमधला जाण्यायेण्याचा वेळ २०० मिलिसेकंद असेल, तर सेकंदाला फार तर ५ बदल जातात. १०,००० बदलांना अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागेल. इथे वेगवान प्रोसेसरचा काडीचा उपयोग नाही. म्हणून पाठवणं एका थ्रेडकडे (प्रोग्रॅममधल्या स्वतंत्र चालणाऱ्या धाग्याकडे) आणि पोच वाचणं दुसऱ्याकडे दिलं गेलं. मग पाठवणारा इतका सुसाट सुटू शकतो की घेणाऱ्याची दमछाक होते, म्हणून त्याला लगामही लागला. पोच न आलेले संदेश १,००० च्या वर गेले की तो २ सेकंद थांबतो. हे दोन्ही आकडे बदलता येतात, पण ते मुळात का आहेत हे समजल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

अशा दुरुस्तीनंतर वेग वाढला एवढं पाहून भागत नाही. घाईत एखादा बदल सुटला आणि आरयूव्ही मात्र पुढे गेली, तर तो बदल पुन्हा कधीच मागितला जात नाही आणि दोन्ही सर्व्हर आपण जुळलेले आहोत असंच सांगत राहतात. म्हणून केवळ आरयूव्ही जुळतात का, हे पाहणं पुरत नाही. प्रत्यक्ष नोंदी एकेक करून ताडाव्या लागतात. ३८९ सोबत त्यासाठी 'डीएस-रेप्लचेक' हे साधन येतं. भरपूर बदलांचा मारा करायचा, तो ओसरू द्यायचा, आणि मग दोन प्रती त्याच्या हवाली करायच्या.