खारट आमटी आणि बटाट्याची फोड

आमटी खारट झाली तर बटाट्याची फोड टाकावी, ती जास्तीचे मीठ ओढून घेते, असा निरोप मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरतो. कच्च्या बटाट्याचे पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचा पातळ पडदा, पाण्याला सहज वाट देते, मिठाला मात्र बव्हंशी अडवते. म्हणून दाट मिठाच्या पाण्यात तासभर ठेवलेली चकती स्वतःचेच पाणी गमावून लुळी पडते आणि साध्या पाण्यातली कडक राहते, हे घरीच पाहता येते. उकळत्या आमटीत ही पटले निकामी होतात व मीठ आत शिरते खरे, परंतु आतबाहेर खारटपणा सारखा होईपर्यंतच. चव किंचित उतरते ती बटाट्यातले पाणी रश्श्यात मिसळल्यामुळे; तेवढ्यासाठी थोडे गरम पाणीही पुरते.