शो जिंकणारा लॅब्राडॉर आणि जोडीला लावायचा लॅब्राडॉर

आमच्या भुसावळच्या ग्रुपमध्ये डॉग ब्रीडिंगचा गेम खेळणाऱ्या बहुतेकांचा हिशोब सरळ असतो: सगळ्यात जास्त शो जिंकलेला नर, तशीच मादी, लावा जोडी. पिल्लं साधारण निघाली की गेमच्या नावाने खडे फोडायचे. पण शो जिंकणारा कुत्रा वेगळा आणि चांगली पिल्लं देणारा वेगळा. कधी कधी दोन्ही गुण एकाच कुत्र्यात सापडतात, म्हणून गल्लत होते.

आपल्या भागात ती होणं साहजिकही आहे. रावेर-यावलला केळीचा कंद लावा नाहीतर टिश्यू कल्चरचं जी-नाईन, रोप आईच्याच जातकुळीचं निघतं. पिल्लाचं तसं नाही. ते निम्मे जीन्स नराकडून घेतं, निम्मे मादीकडून, आणि त्यातले कोणते निम्मे हे दर पिल्लागणिक नव्याने ठरतं.

शोचे मार्क बघताना आधी हे विचारा, की यातलं अंगचं किती आणि कमावलेलं किती? ट्रेनिंग आणि ग्रूमिंगने वाढलेले मार्क पिल्लात उतरत नाहीत. डोकं, पाठ, पायांची ठेवण उतरते. तीसुद्धा अनेक जीन्सवर अवलंबून असल्यामुळे दोन चॅम्पियनची पिल्लं सरासरीने आईबापांपेक्षा थोडी खालीच येतात.

रंगाचा हिशोब मात्र चोख मांडता येतो, आणि मला सगळ्यात जास्त गोडी त्याचीच आहे. लॅब्राडॉरमध्ये काळा रंग चॉकलेटवर भारी पडतो. दुसरी एक जीनची जोडी पिवळा रंग ठरवते. त्या जोडीतले दोन्ही जीन पिवळ्याचे असले, की खाली काळा असो वा चॉकलेट, अंगावर दिसतो पिवळाच. त्यामुळे दोन काळेभोर चॅम्पियन जर आतून चॉकलेट आणि पिवळा असे दोन्ही रंग बाळगून असतील, तर त्यांच्या 16 पिल्लांमागे सरासरी 9 काळी, 4 पिवळी आणि 3 चॉकलेट निघतात. शोच्या निकालात यातलं काहीच दिसत नाही. पेडिग्रीत, म्हणजे वंशावळीत दिसतं. काळ्या नराची आई चॉकलेट असेल, तर तो चॉकलेटचा जीन बाळगतो हे नक्की. पिवळ्या कुत्र्याचं नाक बघा: काळं असेल तर आत काळा रंग आहे, तपकिरी असेल तर चॉकलेट.

आजाराचंही गणित असंच आहे. डोळ्यांच्या पीआरए या आजाराचा लॅब्राडॉरमध्ये आढळणारा एक प्रकार दोन्हीकडून जीन आला तरच होतो. एकच जीन असलेला, म्हणजे कॅरियर, स्वतः ठणठणीत असतो आणि खुशाल शो जिंकतो. दोन कॅरियर जोडले तर दर पिल्लाला आजाराची शक्यता चारात एक. कॅरियरला क्लिअर, म्हणजे हा जीन अजिबात नसलेला, जोडीदार दिला तर एकही पिल्लू आजारी निघत नाही, फक्त साधारण निम्मी कॅरियर होतात. म्हणून टेस्टमध्ये कॅरियर दिसला की कुत्रा विकून टाकणं मला पटत नाही. बाकी गुण चांगले असतील तर त्याला क्लिअर जोडीदार शोधावा.

दोष झाकायलाही एक रीत आहे. मादीची पाठ लांब असेल तर आखूड पाठीचा नर आणू नका, बरोबर पाठीचा आणा. दोन टोकं जोडली की मधलंच निघेल असं नसतं, दोन्ही टोकांची पिल्लं निघू शकतात.

नात्यातली जोडी लावणार असाल तर आकडा बघून लावा. इनब्रीडिंग म्हणजे पिल्लाला एखाद्या जीनच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात ती 25 टक्के, सावत्र भावंडांच्या 12.5, चुलत भावंडांच्या 6.25. पूर्वज आधीच नात्यातले असतील तर त्याहून जास्त.

मी स्वतः स्टड, म्हणजे जोडीसाठी लावायचा नर, निवडताना त्याच्या ट्रॉफ्या शेवटी बघते. आधी वेगवेगळ्या माद्यांपासून झालेली त्याची पिल्लं उघडते. मादी बदलली तरी तीच सरळ पाठ, तेच चांगलं डोकं पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो शोमध्ये तिसरा आलेला असला तरी त्याची फी मी आनंदाने भरते.