‘बीबॉप’ आपटली, ‘वन पीस’ चालली: दोन्हींना ‘ॲनिमेचं लाइव्ह-ॲक्शन’ म्हणणं चूक आहे

नेटफ्लिक्सची ‘काउबॉय बीबॉप’ 19 नोव्हेंबर 2021 रोजी आली आणि तीन आठवडे उलटायच्या आत ती गुंडाळल्याची बातमीही आली. त्याच नेटफ्लिक्सवर 31 ऑगस्ट 2023 ला ‘वन पीस’ आली आणि दोनेक आठवड्यांत दुसरा सिझन जाहीर झाला. दोन्हींमागे टुमॉरो स्टुडिओज हीच कंपनी, आणि दोन्हींना लोक जपानी ॲनिमेचं (ॲनिमेशन मालिकेचं) लाइव्ह-ॲक्शन, म्हणजे खऱ्या नटांसोबतचं रूपांतर म्हणतात. मग एवढा फरक का? चाहत्यांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘वन पीस’ मुळाला धरून होती, ‘बीबॉप’ नव्हती.

मला हे पटत नाही. मुळाला धरून राहायचा आटापिटा ‘बीबॉप’ने भरपूर केला. संगीताला मूळचीच योको कान्नो, सुरुवातीची श्रेयनामावली जुनीच पुन्हा उभी केल्यासारखी, नायक स्पाइकचा सूटसुद्धा तोच निळा. उलट ‘वन पीस’ने बिनधास्त कात्री चालवली. बाराती या तरंगत्या हॉटेलातली डॉन क्रीग या चाच्याशी झालेली लांबलचक हाणामारी जवळजवळ गायबच आहे. तलवारबाज मिहॉक त्याचा निकाल आधीच लावून टाकतो. गार्प हा नायक लुफीचा आजोबा, हे मूळ मांगात (जपानी चित्रकथेत) चारशेहून जास्त प्रकरणं वाचल्यावर कळतं. इथे ते पहिल्याच सिझनमध्ये सांगून मोकळे झालेत.

खरा फरक दोन्हींच्या जन्मात आहे. ‘वन पीस’ ही मुळात एइइचिरो ओदाची मांगा, 1997 पासून ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात चालू असलेली. ॲनिमे 1999 मध्ये आला, म्हणजे तोही रूपांतरच. ‘काउबॉय बीबॉप’ मात्र 1998 मध्ये सनराइज स्टुडिओत शिनइचिरो वातानाबेने थेट पडद्यासाठीच घडवली. त्यामुळे नेटफ्लिक्सची ‘बीबॉप’ खऱ्या अर्थाने ॲनिमेचं रूपांतर होती. ‘वन पीस’ हे कागदावरच्या चित्रकथेचं रूपांतर आहे. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि माझ्या मते पहिलं काम कितीतरी अवघड आहे.

कारण मांगात वेळ ठरलेला नसतो. लुफीची साथीदार नामी स्वतःच्या दंडावरच्या आर्लाँग या चाच्याच्या गोंदणावर सुरा खुपसते, लुफी तिचा हात धरतो, ती मदत मागते, आणि तो काही न विचारता आपली गवती टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो. कागदावर या चौकटींपाशी किती रेंगाळायचं, हे वाचणारा ठरवतो. मालिकेत ते नामी झालेल्या एमिली रडच्या चेहऱ्यावर आणि संकलकाच्या हातात आलं. आवाज, श्वास, थांबणं हे सगळं नव्याने भरायला जागा होती, आणि कुणाचं काही हिसकावून घ्यावं लागलं नाही. शिवाय मजकूर पाण्यासारखा भरपूर: मांगाची सुमारे 95 प्रकरणं आठ भागांत बसवायची होती, म्हणजे काम मुख्यतः काटछाटीचं. (साप्ताहिक ॲनिमेने तर तीच गोष्ट इतकी ताणली आहे की, काटछाट ही प्रेक्षकावर मेहरबानीच.)

आता मूळ ॲनिमे ‘बीबॉप’चा पाचवा भाग आठवा. चर्चमधली झटापट. स्पाइक रंगीत काचेची खिडकी फोडून पाठमोरा खाली पडतोय, काचा त्याच्यासोबत हवेत. गोंगाट थांबतो, कोवळ्या आवाजातलं गाणं सुरू होतं, आणि मधे मधे जुन्या आयुष्याचे तुकडे झळकतात. ती बाई कोण, झालं काय, काहीही सांगत नाहीत. पुढे तो बँडेज गुंडाळलेल्या अवस्थेत जागा होतो, त्याची साथीदार फे गुणगुणत असते, आणि हा तिला सांगतो की तू बेसूर गातेस. उशी तोंडावर बसते, भाग संपतो.

या दृश्यात प्रत्येक फ्रेमचा कालावधी ठरवून झालेला आहे. सिनेमा म्हणून ते पुरं झालंय. लाइव्ह-ॲक्शनवाल्यांपुढे दोनच वाटा उरतात: जसंच्या तसं करा, मग ते फिकं दिसतं, नाहीतर जी जागा मुद्दाम रिकामी सोडली होती ती भरा. त्यांनी भरली. 24 मिनिटांचे भाग जवळजवळ दुप्पट झाले, स्पाइकचा जुना वैरी व्हिशस आणि जुनी प्रेयसी ज्युलिया यांचं आख्खं उपकथानक आलं, स्पाइकचा भूतकाळ नवव्या भागात सविस्तर सांगितला गेला. स्पाइक झालेल्या जॉन चोने काम चांगलं केलंय, त्याला बोल लावायचं कारण नाही. पण माहिती मिळाली आणि गूढ गेलं. खुद्द वातानाबेने नंतर मुलाखतीत सांगितलं की, सुरुवातीच्या कसिनोच्या प्रसंगापुढे त्याला बघवलंच नाही.

मांगा असली की जमतंच, असं मात्र नाही. 2017 ची अमेरिकन ‘डेथ नोट’ मांगावरूनच निघाली होती आणि तिची शोभा झाली. नायक लाइटची थंड, हिशेबी बुद्धीच त्यांनी काढून टाकली, मग उरलं काय? ‘रुरोनी केनशिन’ 2012 मध्ये जपानमध्ये जमली, पण तिथे मेइजी हा जपानच्या इतिहासातला काळ खराच होता आणि तलवारबाजी नटांनी अंगावर घेतली. त्याउलट 2017 ची ‘घोस्ट इन द शेल’ बघा. मूळ मांगा 1989 ची, पण हॉलिवूडने डोळा ठेवला तो दिग्दर्शक ओशीच्या 1995 च्या ॲनिमे चित्रपटावर. इमारतीवरची उडी, पाण्यातली मारामारी, सगळं जवळपास तसंच उचललं. नक्कल देखणी, पण तिच्यात जीव नाही.

म्हणून कुठल्या नव्या लाइव्ह-ॲक्शनची घोषणा झाली की, मी आधी बघतो ती गोष्ट कागदावर जन्मली की पडद्यावर. 1995 ची ‘इव्हांगेलियन’ ही ॲनिमे मालिका पडद्यावरची. तिच्या 24 व्या भागात महाकाय यंत्राच्या मुठीत एक पोरगा आहे, बेथोव्हेनची नववी सिम्फनी वाजतेय आणि चित्र मिनिटभर हलतच नाही. हे खऱ्या माणसांसोबत चित्रित केलं, तर प्रेक्षकाला वाटेल नेट अडकलं. 2003 मध्ये तिच्या हॉलिवूडपटाची घोषणा झाली होती, काही रेखाटनंही बाहेर आली. चित्रपट झाला नाही, आणि मला त्याची हळहळ नाही.