फाशापासून डॉजपर्यंत: अ‍ॅक्शन लढतीच्या ऑनलाइन गेमची पार्श्वभूमी

अ‍ॅक्शन लढतीचा एखादा नवा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम (एखादे पात्र होऊन खेळायचा खेळ) बीटात, म्हणजे प्रकाशनाआधीच्या चाचणीत, आला की दोन-तीन दिवसांतच त्याविषयीची पहिली मते येऊ लागतात, आणि त्यांत एक तक्रार किंवा एक कौतुक हमखास असते: लढाई जड वाटते, हलकी वाटते, वार लागल्यासारखा वाटत नाही किंवा अगदी हाताला जाणवतो. कथा, नकाशे, बाजार, गिल्ड (खेळाडूंचे संघ) यांचा नंबर नंतर लागतो. हाताला काय जाणवले यावरच सगळा निकाल लागावा, ही या खेळप्रकाराची जुनी रीत नव्हे. पहिली कित्येक वर्षे यात लढाई खेळणाऱ्याच्या हातात नव्हतीच. ती हातात का आणि कशी आली हे ठाऊक असेल, तर परभणी, नांदेड किंवा लातूरमध्ये बसून सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याचे ‘वार लागत नाही’ हे मत नेमके कशाविषयीचे आहे हेही उलगडते. बहुतेक वेळा ते निम्मे गेमविषयी असते आणि निम्मे अंतराविषयी.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्याकडे ‘ऑनलाइन गेम’ म्हटले की घरातल्या मोठ्यांना रमी आणि सट्टाच आठवतो, आणि २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केल्यापासून ही गल्लत अधिकच होऊ लागली आहे. इथे ज्या खेळांविषयी लिहीत आहे त्यांत पैशाचा डाव लागत नाही. वेळ मात्र भरपूर लागतो.

या प्रकाराचे मूळ संगणकात नसून फाशात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ १९७४ मध्ये आला, आणि त्यात तलवार लागली की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवत असे. फाशावर पडलेला आकडा आणि समोरच्याच्या चिलखताचा आकडा यांची तुलना केली की निकाल मिळे. खेळणाऱ्याचा हात चपळ असण्याचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून उभारलेल्या ‘मड’ या खेळात अनेकांनी एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरण्याची सोय झाली, पण सगळा व्यवहार मजकुराचा होता: आज्ञा टाइप करायची आणि काय घडले ते वाचायचे. पुढे १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आले, पडद्यावर माणसे, राक्षस आणि डोंगर दिसू लागले, तरी चित्रांच्या खाली फासा तसाच फिरत राहिला.

याला कल्पकतेचा अभाव म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी घरातला संगणक टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने जोडलेला असे, आणि एक संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला पाव सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागणे ही रोजचीच गोष्ट होती. अशा जोडणीवर ‘तलवार त्या क्षणी नेमकी कुठे होती’ हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नव्हता. म्हणून शत्रू निवडायचा (टॅब दाबून निवडायची पद्धत इतकी रूढ झाली की ‘टॅब-टार्गेट’ हे पुढे या साऱ्या शैलीचेच नाव झाले), ऑटो-अटॅक, म्हणजे आपोआप होत राहणारे वार, सुरू करायचा, मधूनमधून एखादी खास चाल दाबायची आणि बाकीचा हिशेब सर्व्हरवर सोडायचा. दोन वारांमध्ये दोन-तीन सेकंद जात असतील तर पाव सेकंदाचा उशीर कोणाच्या ध्यानातही येत नाही. फाशाने उशीर पोटात घेतला, असे म्हणता येईल. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने हीच रचना घासूनपुसून इतकी सुबक केली की ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच्या वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेली. त्यातही बहुतेक चालींनंतर दीड सेकंद थांबावे लागे, आणि त्या दीड सेकंदाच्या तालावर एका पिढीची बोटे घडली.

आपल्याकडे ती पिढी जवळजवळ घडलीच नाही. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले ते मोठ्या शहरांपुरते. मराठवाड्याच्या जिल्ह्यांच्या गावी ते रुळले सायबर कॅफेंच्या काळात. त्या कॅफेत डॉलरमध्ये मासिक वर्गणी भरून खेळायचा खेळ कोण खेळणार होते? तिथे ‘काउंटर-स्ट्राइक’ चाले, तेही बहुधा लॅनवर, म्हणजे त्याच खोलीतली यंत्रे एकमेकांना तारेने जोडून. बाहेरची लाइन मेलेली असली तरी आतला डाव चालू राही. तो मोडे फक्त भारनियमनाने, आणि वीज जाण्याची वेळ पाठ असलेली मुले त्या हिशेबानेच पैसे भरत. त्या लॅनवर उशीर जवळपास शून्य होता. नेम धरला आणि गोळी लागली, हे आमच्या हाताने आधी शिकून घेतले. ऑनलाइन म्हणजे थोडे थांबून खेळायचे असते हे शिकण्याची वेळ आलीच नाही. म्हणूनच आजही इकडच्या एखाद्या मुलाला टॅब-टार्गेटचा जुना खेळ दाखवला तर तो विचारतो, ‘हा उभा राहून नुसता मार का खातोय?’

फाशापासून सुटका करून घेण्याचे प्रयत्न मात्र तिकडे आधीच सुरू झाले होते. १९९६ च्या अखेरीस आलेला ‘डायाब्लो’ मुळात आळीपाळीने खेळायचा म्हणून योजलेला होता; घडवता घडवता तो सलग वेळेत चालणारा झाला, आणि क्लिक केले की वार होऊ लागला, जरी वार लागण्याची शक्यता आतून आकड्यांवरच ठरत होती. डिसेंबर २००० मध्ये जपानमध्ये ड्रीमकास्ट या गेमयंत्रावर आलेल्या ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ने मोडेमवरच हाताची लढाई साधली, पण एका मोहिमेत चौघेच ठेवून; खेळणाऱ्याच्या यंत्रावर फार विश्वास टाकल्यामुळे लबाडीही बोकाळली. २००६ मधील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइन’ तर दोन युगांच्या उंबरठ्यावर उभा होता: माउसने वार करायचा, बाजूला सरकून घाव चुकवायचा, आणि त्याच वेळी पडद्यावर वीस बाजूंचा फासा गरगरताना दिसायचा.

खरा बदल दक्षिण कोरियात झाला, आणि त्याचे कारण खेळांपेक्षा तारांमध्ये अधिक होते. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर त्या देशाने ब्रॉडबँडवर मोठा भर दिला, ‘पीसी बांग’ म्हणजे तिथले गेमिंग कॅफे गल्लोगल्ली झाले, आणि देश लहान असल्यामुळे सर्व्हर कुठेही असला तरी जवळच असे. उशीर कमी झाला तसे तिथल्या कंपन्यांना वार हातात द्यायचे धाडस करता आले. २०१० मधील ‘विंडिक्टस’ने त्यातही एक युक्ती केली. चार-सहा जणांची टोळी गुहेत शिरली की लढाईचा हिशेब टोळीतल्याच एकाच्या संगणकावर चाले, त्यामुळे त्याचे यंत्र आणि त्याची लाइन चांगली असेल तर सगळ्यांचे भले, नाहीतर सगळ्यांचेच हाल. टोळीत कोणाला यजमान करायचे यावरून होणारे वाद हा या खेळाच्या आठवणींचा अर्धा भाग आहे.

जानेवारी २०११ मध्ये कोरियात आणि मे २०१२ मध्ये अमेरिका-युरोपात आलेल्या ‘टेरा’ने ही पळवाट घेतली नाही. मोठे मोकळे जग, शेकडो खेळाडू, आणि तरीही पडद्याच्या मधोमध नेम धरायची खूण. शत्रू त्या खुणेखाली नसेल तर वार हवेत जाणार. ढालवाल्याला ढाल वेळेवर उचलावी लागे, आणि बरे करणाऱ्यालाही सोबत्यांवर नेम फिरवून त्यांना खुणेत घ्यावे लागे. आज हे सारे नेहमीचे वाटते. तेव्हा पहिल्या तासाभरातच माणसे चकित होत. ‘टेरा’चे संगणकावरच्या आवृत्तीचे सर्व्हर जून २०२२ मध्ये बंद झाले, आणि मराठवाड्यात त्याचे नाव ऐकलेले फारसे कोणी भेटणार नाही, पण तो घडवणाऱ्या ब्लूहोल या कंपनीचा पुढचा खेळ इथल्या प्रत्येक पारावर पोहोचला. तो म्हणजे २०१७ चा ‘पबजी’. त्याची मोबाइल आवृत्ती २०१८ मध्ये आली तेव्हा जिओला सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते आणि स्वस्त डेटा खेड्यापाड्यांत पोहोचला होता. सप्टेंबर २०२० मध्ये तिच्यावर बंदी येईपर्यंत ‘पिंग’ (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) हा शब्द शेतातल्या आखाड्यावरही कळू लागला होता.

‘टेरा’नंतर वाटा फुटल्या. ऑगस्ट २०१२ मधील ‘गिल्ड वॉर्स २’ने मध्यममार्ग धरला: शत्रू निवडता येतो, पण अंग चुकवायला लोळण, म्हणजे डॉज, हातात दिली. एका लोळणीत पाऊण सेकंद कोणताही वार लागत नाही, आणि अशा दोन लोळणींपुरताच दम साठवता येतो. २०१४ च्या ‘वाइल्डस्टार’ने प्रत्येक वाराची जागा जमिनीवर रंगाने आखून दाखवली. पहिल्या काही तासांत तो फार आवडणारा खेळ होता. पुढे चाळीस जणांच्या कठीण मोहिमांचा हट्ट आणि इतर अनेक चुकांनी तो खंगत गेला आणि २०१८ मध्ये बंद पडला. ‘ब्लॅक डेझर्ट’ची लढाई आजही या प्रकारातल्या सर्वांत देखण्या लढायांत गणली जाते, मात्र महिनाभर खेळणारा माणूस त्यात लढण्याइतकाच मासे धरण्यात आणि माल वाहण्यात गुंतलेला आढळतो. हातातली लढाई पहिल्या दोन तासांत कळते, बाकीचा खेळ कळायला महिने लागतात; या प्रकारातली पहिली मते इतकी ठाम आणि इतकी फसवी का असतात याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

उरलेले निम्मे अंतरात आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद ही भौतिकशास्त्राने घालून दिलेली किमान मर्यादा झाली. प्रत्यक्षात तारा समुद्रातून वळसे घेत जातात आणि मधल्या यंत्रांवर थांबतात. मराठवाड्यातून निघालेला संदेश आधी मुंबई किंवा चेन्नईच्या किनाऱ्यापर्यंत जमिनीवरून जातो, तो वेळ वेगळा.

मागच्या हिवाळ्यात परभणीला बहिणीकडे गेलो असताना हा हिशेब डोळ्यांनी पाहिला. भाचा एका नव्या गेमचा बीटा खेळत होता. रेंज खिडकीतच येते म्हणून फोन खिडकीच्या गजाला रबराने बांधलेला, त्याचा हॉटस्पॉट लॅपटॉपला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा नव्वदवरून एकदम दोनशे चाळीसवर उड्या मारणारा. समोरच्या राक्षसाने हातोडा उगारला, जमिनीवर लाल वर्तुळ उमटले, भाचा लोळण घेऊन त्यातून स्वच्छ बाहेर आला, आणि बाहेर उभा असताना त्याची निम्मी शक्ती गेली. ‘मामा, बाहेर निघालो तरी लागायलंय बघा!’ तो म्हणाला. त्याचे चुकले नव्हते आणि सर्व्हरचेही नव्हते. हातोडा उगारल्याची बातमी परभणीला यायला सुमारे १२० मिलिसेकंद, ती पाहून बोट हलायला दोनशे ते अडीचशे, आणि लोळण घेतल्याची बातमी परत जायला पुन्हा १२०. सर्व्हरच्या लेखी तो अर्धा सेकंद उशिरा सरकला होता. विटीदांडूत विटी उडालेली डोळ्यांना दिसते आहे आणि प्रत्यक्षात ती केव्हाच खाली पडली आहे, अशी अवस्था. गेम करणारे यावर उपाय करतात: खेळणाऱ्याच्या यंत्रावर वार लगेच दाखवायचा आणि सर्व्हरचे उत्तर आले की दुरुस्ती करायची, किंवा लागला की नाही हे खेळणाऱ्याच्याच यंत्रावर ठरू द्यायचे. पहिल्यात दुरुस्तीचा धक्का जाणवतो, दुसऱ्यात लबाडीला वाव मिळतो. तिसरा उपाय सर्व्हर जवळ आणण्याचा, आणि तो कंपनीच्या जमाखर्चावर अवलंबून असतो.

बीटाचाही इतिहास याच ओघात बदलला आहे. ‘अल्टिमा ऑनलाइन’च्या चाचणीसाठी १९९७ मध्ये ५ डॉलर घेऊन सीडी पाठवली गेली आणि सुमारे पन्नास हजार जणांनी ती घेतली. त्याच चाचणीत ऑगस्टमध्ये गेमचे निर्माते रिचर्ड गॅरियट यांचे राजाचे पात्र एका खेळाडूने आगीच्या मंत्राने मारले. सर्व्हर कोसळून पुन्हा सुरू झाल्यावर राजाचे अमरत्व चालू करायचे राहून गेले होते. तो बीटा खऱ्या अर्थाने चाचणी होता. ‘नेव्हरविंटर’ने एप्रिल २०१३ मध्ये खुला बीटा सुरू केला तेव्हा पात्रे पुसली जाणार नाहीत असे आधीच सांगितले होते, म्हणजे नाव बीटा आणि व्यवहार प्रकाशनाचा. तरीही चाचणीचा गुण पुरता गेलेला नाही. ‘न्यू वर्ल्ड’ सुरुवातीला कोणीही कोणालाही मारू शकेल असा खेळ होता, तो चाचणीतल्या अनुभवावरून बदलावा लागला. आणि जुलै २०२१ च्या त्याच्या बंद बीटात काही महागडी ग्राफिक्स कार्डे निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या.

भाच्याचा बीटा रविवारी रात्री संपला. पात्रे पुसली जाणार हे त्याला ठाऊक होते, त्यामुळे शेवटचा तास त्याने गावाच्या चौकात उभ्या असलेल्या अनोळखी लोकांबरोबर नाचण्यात घालवला. सोमवारी प्रश्नावली आली. लढाई कशी वाटली, पाचपैकी किती तारे, हा पहिलाच प्रश्न होता. त्याने तीन दिले. कुठून खेळलात आणि पिंग किती होता, हे त्या तीन पानांत कुठेच विचारलेले नव्हते.