घड्याळाशेजारचे प्रोग्रॅम खरंच सतत चालू असतात का?

बेळगावच्या खडेबाजारातलं असो की निपाणीतलं, आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानात मराठी लग्नपत्रिका, कन्नड अर्ज आणि इंग्रजी बिल एकाच मशीनवर टाइप होतं. म्हणून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, भाषा बदलणाऱ्या प्रोग्रॅमचं आयकॉन हमखास दिसतं. भारतीय भाषा टाइप करायचा ‘बरहा’ही तिथेच बसतो. आणि मशीन अडखळलं की पहिला संशय या आयकॉनांवर. “एवढं सगळं सतत चालू म्हटल्यावर स्लो होणारच!”

हा समज बहुतेक वेळा चुकीचा आहे. ही जागा, म्हणजे सिस्टिम ट्रे, १९९५ साली विंडोज ९५ बरोबर आली. फक्त ट्रेमध्ये राहणारा प्रोग्रॅम विंडो दाखवत नाही, पण त्याला एक लपलेली विंडो बहुधा लागतेच, कारण आयकॉनवर क्लिक झाल्याचा मेसेज, म्हणजे विंडोजची सूचना, त्या विंडोच्या पत्त्यावर येतो. प्रोग्रॅम ‘गेटमेसेज’ हे फंक्शन वापरून पुढचा मेसेज मागतो. मेसेजची रांग रिकामी असेल तर विंडोज त्या थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या त्या धाग्याला, झोपवते. प्रोसेसर कुणाला द्यायचा या हिशेबातच तो उरत नाही. बेळगावहून रेल्वेत बसल्यावर शेजाऱ्याला “खानापूर आलं की उठवा” सांगून निर्धास्त झोपावं, तसं. टास्क मॅनेजर उघडून पाहा: सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, रकान्यात अशा प्रोग्रॅमपुढे शून्य दिसेल. मेमरी तेवढी तो अडवतो.

आळशीपणे लिहिलेला प्रोग्रॅम मात्र झोपत नाही. क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे, नवं काही आलं का, हे तो दर १०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, उठून पाहतो. लॅपटॉपची बॅटरी अशाने उतरते. विंडोज व्हिस्टापासून क्लिपबोर्ड बदलताच मेसेज मिळवण्याची सोपी सोय आहे. ती न वापरण्याला सबब नाही.

नव्या मशीनला लिंबू-मिरची बांधून व्हायरस अडत नाही, तसंच मेमरी मोकळी करून देतो म्हणणाऱ्या ‘रॅम बूस्टर’ने वेग वाढत नाही. तो इतर प्रोग्रॅमची मेमरी बाहेर ढकलतो, आणि ती पुन्हा लागली की परत आणण्यात वेळच जातो.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. आयकॉनचं चित्र प्रोग्रॅम स्वतः रेखाटतच नाही, ते एक्सप्लोरर, म्हणजे टास्कबार दाखवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम, रेखाटतो. प्रोग्रॅम फक्त चित्र, एक क्रमांक आणि आपल्या विंडोचा पत्ता ‘शेल_नोटिफायआयकॉन’ या फंक्शनला देतो. म्हणून टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम मारला तरी आयकॉन तिथेच राहतं, आणि माउस वरून नेला की नाहीसं होतं. त्या क्षणी एक्सप्लोररला कळतं की पत्त्यावर आता कोणी नाही.

उलटंही घडतं. एक्सप्लोरर कोसळून पुन्हा सुरू झाला की सगळी आयकॉन पुसली जातात, प्रोग्रॅम जिवंत असूनही. तेव्हा एक्सप्लोरर ‘टास्कबारक्रिएटेड’ हा मेसेज सर्व मुख्य विंडोंना पाठवतो आणि तो ऐकून प्रोग्रॅमने आयकॉन पुन्हा लावायचं असतं. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ‘एचडब्ल्यूएनडी_मेसेज’ हा पर्याय देऊन केवळ मेसेजपुरती विंडो बनवली असेल, तर असे सार्वत्रिक मेसेज तिला मिळतच नाहीत. म्हणून विंडो साधीच बनवावी, फक्त दाखवू नये.

आणि राइट-क्लिकच्या मेनूत ‘बाहेर पडा’ हवंच. विंडो दिसत नाही, त्यामुळे बंद करायला कोपऱ्यातली फुलीही नसते. निघताना प्रोग्रॅमने ‘एनआयएम_डिलीट’ या आज्ञेने आयकॉन स्वतःच काढून घ्यावं.