विश्वासार्ह विपणनलेखन

विश्वासार्ह विपणनलेखन : वस्तू किंवा सेवेच्या विक्रीस साहाय्य करणारा, पण वाचकाला पडताळून पाहता येतील अशा विधानांवर आधारलेला मजकूर तयार करण्याची पद्धती. जाहिरातीची कॉपी, उत्पादनाचे वर्णन, माहितीपत्रक, ग्राहकांना जाणारे ई-मेल, मार्गदर्शक लेख, तुलनातक्ते आणि ग्राहकांचे अभिप्राय हे सर्व तिच्या कक्षेत येते. भाषेचा गोडवा येथे दुय्यम ठरतो. विधान, त्याचा आधार आणि त्याची मर्यादा या तिन्ही गोष्टी वाचकाला एकाच ठिकाणी मिळणे हा या लेखनाचा गाभा होय.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबद्दल मतभेद आहेत. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७४४ मध्ये फिलाडेल्फियात काढलेल्या ग्रंथविक्रीच्या सूचीत असे आश्वासन होते, की दूरच्या ग्राहकाने मागणी व पैसे पाठविल्यास तो समक्ष हजर असल्याप्रमाणेच त्याच्याशी चोख व्यवहार होईल. टपालविक्रीच्या इतिहासाचे काही लेखक येथूनच सुरुवात करतात. मात्र हे एक सुटे आश्वासन आहे. विक्रीचा मजकूर कसा लिहावा याची रीत त्यातून निघत नाही.

दुसरे मत जॉन ई. पॉवर्स (१८३७–१९१९) यांच्याकडे बोट दाखविते. १८८० पासून त्यांनी फिलाडेल्फियातील वॉनामेकर यांच्या दुकानासाठी साध्या, बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत जाहिराती लिहिल्या. पूर्ण वेळ जाहिरातलेखन करणारे ते पहिले लेखक, असे अनेक संदर्भग्रंथ मानतात. एका विभागात पडून असलेले हलके रेनकोट कुजले आहेत असे तेथील प्रमुखाने खाजगीत सांगितले, पॉवर्स यांनी ते तसेच जाहिरातीत छापले आणि साठा लगोलग संपला, ही हकीकत सर्वत्र आढळते. ती पुढच्या व्यावसायिकांच्या आठवणींतून आलेली असल्याने तिचे तपशील जपूनच घ्यावेत. पॉवर्स यांच्या लेखनाचा एकूण कल मात्र तिच्याशी जुळतो.

तिसऱ्या मतानुसार खरी सुरुवात १९०४ ची. त्या वर्षी जाहिरातलेखक जॉन ई. केनेडी यांनी लॉर्ड अँड टॉमस या जाहिरातसंस्थेतील ॲल्बर्ट लास्कर यांच्यापुढे ‘जाहिरात म्हणजे छापील विक्रेतेपण’ ही कल्पना मांडली. ग्राहकाने वस्तू का घ्यावी याचे कारण मजकुरात असलेच पाहिजे, हा या ‘सकारण’ शैलीचा आग्रह होता. जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्स (१८६६–१९३२) यांचे लेखनही याच शैलीचे. मिलवॉकीच्या श्लिट्झ बिअरसाठी लिहिताना त्यांनी ‘शुद्ध’ या विशेषणावर न थांबता गाळलेल्या हवेच्या खोल्या, बाटल्या पुन्हापुन्हा धुण्याची प्रक्रिया वगैरे कारखान्यातील कामाचे वर्णन केले. ही प्रक्रिया त्या धंद्यात सर्रास चालत असे. सांगितली मात्र कोणी नव्हती. त्यामुळे खप किती वाढला याचे आकडे हॉपकिन्स यांच्याच कथनावर अवलंबून आहेत. शिवाय सर्वांकडे असलेली गोष्ट जणू आपल्याचकडे आहे असा ग्रह करून देणे कितपत प्रामाणिक, हा आक्षेपही उरतो. प्रस्तुत नोंदीत पॉवर्स यांच्यापासूनची परंपरा अधिक ग्राह्य मानली आहे, कारण वस्तूचा दोष सांगण्याची तयारी प्रथम तेथे ठळकपणे दिसते.

थेट विक्री न करता उपयुक्त माहिती देऊन ग्राहक जोडण्याचा प्रवाह (आजचे ‘कंटेंट मार्केटिंग’) निराळा आहे. शेतीची अवजारे बनविणाऱ्या डिअर कंपनीने १८९५ मध्ये सुरू केलेले ‘द फरो’ हे शेतीविषयक नियतकालिक आणि मिशलँ या टायर कंपनीची १९०० मधील प्रवासमार्गदर्शिका ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे. मार्गदर्शिकेच्या पहिल्या आवृत्तीच्या सुमारे ३५,००० प्रती फुकट वाटल्या होत्या. १९२० च्या सुमारास तिला किंमत लावण्यात आली व तीमधील इतरांच्या जाहिराती बंद झाल्या. पुढच्या काळात तिच्या शिफारशींना जे वजन आले, त्यात या दुसऱ्या निर्णयाचा वाटा मोठा असावा.

उपपत्ती : अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकर्लोफ यांनी १९७० मध्ये दाखविले, की विक्रेत्याला वस्तूची प्रत ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर चांगला मालही वाईट मालाच्या भावात तोलला जातो. फिलिप नेल्सन (१९७०) आणि मायकेल डार्बी व ईडी कार्नी (१९७३) यांच्या मांडणीतून वस्तुगुणांचे तीन वर्ग मिळतात : खरेदीपूर्वी तपासता येणारे, वापरल्यावरच कळणारे आणि वापरूनही सामान्य ग्राहकाला न कळणारे. लेखकाला या वर्गीकरणाचा थेट उपयोग होतो. पहिल्या वर्गात मापे, घटक व छायाचित्रे पुरतात. दुसऱ्यात नमुना, चाचणीचा काळ वा परताव्याची अट लागते. तिसऱ्यात (उदा., औषधी गुण, अंतर्गत दुरुस्ती, सल्लासेवा) स्वतंत्र तपासणी आणि कामाची पद्धत उघड करणे याखेरीज फारसे काही उपयोगी पडत नाही. तिसऱ्या वर्गातील गुणासाठी पहिल्या वर्गातला पुरावा देणे, म्हणजे आरोग्यविषयक दाव्याखाली वेष्टनाचे सुबक छायाचित्र छापणे, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक.

दोष सांगावेत की नाही, या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉव्हलंड व सहकाऱ्यांचे १९४९ चे निष्कर्ष अजूनही आधारभूत मानले जातात. आधीच सहमत असलेल्यांवर एकतर्फी (फक्त आपली बाजू सांगणाऱ्या) मांडणीचा, तर विरुद्ध मताच्या आणि अधिक शिकलेल्या वाचकांवर दुतर्फी (विरुद्ध मुद्देही सांगणाऱ्या) मांडणीचा परिणाम जास्त होतो, असे त्यांना आढळले. लम्सडेन व जॅनिस (१९५३) यांच्या प्रयोगात दुतर्फी मांडणी ऐकलेले लोक नंतरच्या विरोधी प्रचाराला कमी बळी पडले. विक्रीच्या संदर्भात हा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा, कारण ग्राहक प्रतिस्पर्ध्याचा मजकूर वाचणार हे गृहीतच असते. फ्रीस्टॅड व राइट (१९९४) यांच्या मते वाचकाला आपले मन वळविण्याच्या युक्त्या अनुभवाने ओळखू येतात आणि युक्ती ओळखली गेली की मजकुरातील खऱ्या भागावरही संशय येतो.

लेखनपद्धती : काम दाव्यांच्या यादीपासून सुरू होते. मसुद्यातील प्रत्येक वाक्य सुटे करून त्यात कोणता दावा आहे ते लिहितात. त्यापुढे पुराव्याचा प्रकार, पुराव्याची तारीख, तो कोणत्या परिस्थितीत खरा आहे ती अट, त्याची जबाबदारी असलेली व्यक्ती आणि पुन्हा तपासण्याची तारीख असे रकाने असतात. पुराव्याचा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य गाळायचे किंवा पुराव्याला पेलेल इतके खाली आणायचे. ‘सर्वोत्तम’, ‘अतुलनीय’, ‘जागतिक दर्जाचे’ ही विशेषणे याच टप्प्यावर गळतात. अशा अतिशयोक्तीला अनेक देशांचे कायदे चालवून घेतात, पण कायद्यात बसते म्हणून ती वाचकाला पटते असे नाही. जॉन मॉर्क्स व याकोब नीलसन यांच्या १९९७ च्या प्रयोगात एकाच संकेतस्थळाचा मजकूर फुगीर भाषेऐवजी वस्तुनिष्ठ भाषेत दिल्यावर त्याची वापरसुलभता २७ टक्क्यांनी वाढली. लहान, ठळक मुद्द्यांत मांडलेला व वस्तुनिष्ठ अशा एकत्रित रूपात ही वाढ १२४ टक्के होती. सहभागी मोजकेच असल्याने आकड्यांपेक्षा त्यांची दिशा महत्त्वाची.

दावा खाली कसा आणावा हे एका वाक्यावरून दिसेल. ‘बॅटरी दिवसभर टिकते’ या वाक्यात दिवस किती तासांचा आणि वापर कोणता, हे दोन्ही मोघम आहे. चाचणीची नोंद हाती असल्यास तेच असे होते : ‘पडद्याची उजळपातळी निम्मी ठेवून व्हिडिओ सलग लावल्यास ११ तास, नकाशा सतत चालू असल्यास सुमारे ६ तास, कडाक्याच्या थंडीत याहून कमी.’ वाक्य लांबले, पण नकाशावर दिवसभर काम करणारा ग्राहक खरेदीपूर्वीच सावध झाला. परत येणारा माल व तक्रारी यांतला बराच भाग अशा एका अर्धवाक्याच्या अभावी निर्माण होतो.

आकड्यांचे पथ्य वेगळे. नेमका आकडा गोल आकड्यापेक्षा खरा वाटतो. आयव्हरी साबणाची १८८२ पासूनची ‘९९ पूर्णांक ४४/१०० टक्के शुद्ध’ ही ओळ याचे प्रसिद्ध उदाहरण. रासायनिक पृथक्करणात सापडलेल्या अशुद्ध द्रव्यांची बेरीज (०.५६ टक्के) शंभरातून वजा करून हा आकडा काढला होता. येथे अपूर्णांकामागे पृथक्करण होते. त्याशिवाय लावलेला अपूर्णांक ही फसवणूकच. शेकडेवारीसोबत मूळ संख्या देणे आवश्यक असते. हजारात २ वरून हजारात १ वर आलेला धोका ‘निम्म्याने घटला’ असे म्हणणे गणिताने बरोबर, परंतु वाचकाच्या मनात उभे राहणारे चित्र चूक. ‘५० टक्क्यांपर्यंत’ या रचनेत ‘पर्यंत’ हा शब्द वाचक सोडून देतो. बहुसंख्य ग्राहकांना मिळणारा आकडा आधी आणि कमाल आकडा नंतर, असा क्रम त्यावरचा उपाय. अट तारांकित करून पानाच्या तळाशी टाकू नये. ती दाव्याच्याच वाक्यात किंवा लगतच्या ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत असावी. किमतीबाबतही तेच : कर व अनिवार्य शुल्के धरून एकूण रक्कम पहिल्याच ठिकाणी दाखवावी, शेवटच्या पायरीवर वाढवू नये.

मर्यादा सांगताना ती खरेदीच्या निर्णयावर परिणाम करणारी असली पाहिजे. ‘आमचे पदार्थ इतके चविष्ट की लवकर संपतात’ छापाचा खोटा प्रांजळपणा वाचक लगेच ओळखतो. ‘हे कोणासाठी नाही’ असा लहान परिच्छेद, शक्य तर किमतीच्या आधी, हा नेहमीचा आणि परिणामकारक मार्ग आहे. फोक्सवॅगनच्या १९६० च्या जाहिरातीत गाडीच्या छायाचित्राखाली सदोष मालासाठी वापरला जाणारा ‘लेमन’ हा एकच शब्द होता. पुढील मजकुरात कप्प्यावरची क्रोमची पट्टी डागाळल्यामुळे ती गाडी कशी रोखली गेली हे सांगितले होते आणि दररोजच्या सुमारे ३,००० गाड्यांसाठी ३,३८९ तपासनीस असल्याची नोंद होती. दोष क्षुल्लक असूनही ही जाहिरात टिकली, कारण त्याच्या पाठोपाठ तपासणीची यंत्रणा आकड्यांसह आली.

हमी हा सर्वांत बळकट आणि लेखकाच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा भाग. कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीने १८९१ मध्ये, आपले उपकरण दिवसातून तीनदा याप्रमाणे दोन आठवडे वापरूनही इन्फ्लुएंझा झाल्यास १०० पौंड देण्याचे छापले. मनापासूनचा हेतू दाखविण्यासाठी १,००० पौंड बँकेत ठेवल्याचेही लिहिले. पैसे नाकारल्यावर कार्लिल या ग्राहक महिलेने दावा लावला. ही निव्वळ बढाई होती, हा कंपनीचा बचाव इंग्लंडच्या अपील न्यायालयाने डिसेंबर १८९२ मध्ये फेटाळला आणि त्यासाठी ठेवीच्या त्याच ओळीचा आधार घेतला. म्हणून हमीचा मजकूर अंतिम करण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घेतात : मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, पुरावा म्हणून ग्राहकाने काय दाखवायचे, परतीचा खर्च कोणाचा आणि पैसे किती दिवसांत परत. यांपैकी एकही बाब तक्रार विभागाला ठाऊक नसेल, तर हमी छापू नये.

अभिप्राय वापरताना लेखी संमती, मूळ शब्दांची जतन केलेली प्रत आणि मोबदला वा फुकट वस्तू दिली असल्यास तसा ठळक उल्लेख ही किमान बंधने आहेत. वाक्य लहान करता येते, पण ‘पण’पासून पुढचा भाग कापता येत नाही. अपवादात्मक फायदा झालेल्या ग्राहकाचा अनुभव द्यायचा असेल, तर सर्वसाधारणपणे काय अपेक्षित आहे हेही शेजारी लिहावे.

नियमन : अमेरिकेत सत्यनिष्ठ जाहिरातीचा आदर्श कायदा ‘प्रिंटर्स इंक’ या व्यवसायपत्राने १९११ मध्ये सुचविला, फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारविषयक सरकारी आयोगाची स्थापना १९१४ ची. दावा करण्यापूर्वी त्याला वाजवी आधार हवा, हे तत्त्व फायझर या औषधकंपनीच्या प्रकरणात (१९७२) आयोगाने मांडले. लिस्टरिन या गुळण्यांच्या द्रवाच्या उत्पादकाला १९७७ च्या न्यायालयीन निर्णयानंतर, हे द्रव सर्दी व घसादुखी टाळत नाही असा खुलासा आपल्याच जाहिरातींतून करावा लागला. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाची जाहिरातसंहिता १९३७ पासून आहे. पर्यावरणविषयक दाव्यांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेचे १४०२१ हे मानक ‘पर्यावरणस्नेही’सारखे मोघम शब्द वर्ज्य ठरविते. बनावट अभिप्रायांची खरेदी-विक्री रोखणारा अमेरिकन नियम २०२४ मध्ये लागू झाला. यंत्राने लिहिलेला मजकूरही दाव्यांच्या याच कसोट्यांना उतरावा लागतो.

देखभाल : प्रसिद्धीच्या वेळी खरा असलेला मजकूर उत्पादन बदलल्यावर खोटा ठरतो, आणि संकेतस्थळांवर हे सर्रास घडते. किंमत, साठा व तुलना यांची पाने दरमहा, चाचणीचे आकडे उत्पादनाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत, तर मार्गदर्शक लेख वर्षातून एकदा तपासण्याचा प्रघात सोयीचा ठरतो. केवळ वरची तारीख बदलून जुना मजकूर ताजा भासविणे टाळावे. तुलनातक्त्यात प्रतिस्पर्ध्याची माहिती कोणत्या दिवशी घेतली ते नमूद करावे. चूक आढळल्यास आधी काय लिहिले होते, आता काय आहे आणि बदल केव्हा झाला, हे त्याच पानावर ठेवतात. आधीच्या मजकुरावर विसंबून खरेदी केलेल्यांना वेगळा निरोप जातो. परिणाम मोजण्यासाठी भेटींची संख्या उपयोगाची नाही. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाने परत आलेला माल, खरेदीपूर्वी ग्राहक पुन्हापुन्हा विचारत असलेले प्रश्न आणि हमीखाली आलेले दावे यांची नोंद मजकुरातील वाक्यांशी ताडून पाहतात.